लहान मोटारीने ट्रेलर ओढणे

लहान मोटारीने ट्रेलर ओढणे म्हणजे हॅचबॅक किंवा तत्सम आटोपशीर प्रवासी मोटारीच्या मागे हलका, बहुधा एकाच आसाचा ट्रेलर जोडून सामान, छोटी नाव, दुचाकी किंवा मुक्कामाचे साहित्य वाहून नेणे होय. ब्रिटन, युरोपातील बहुतेक देश, ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंड येथे ही घरगुती वाहतुकीची नेहमीची पद्धत आहे. मोटार किती ओझे ओढू शकेल हे इंजिनाच्या शक्तीवरून ठरते, असा सर्वसाधारण समज आढळतो. प्रत्यक्षात मोटारीचे स्वतःचे वजन, ब्रेकची क्षमता आणि ट्रेलरमधील ओझ्याची मांडणी या तीन गोष्टी बहुतेक वेळा इंजिनाच्या आधी मर्यादा घालतात. चुकीच्या रीतीने भरलेला ट्रेलर कायदेशीर वजनाच्या आत असूनही वेग वाढताच मोटारीचा ताबा सुटण्यास कारणीभूत ठरू शकतो. प्रस्तुत लेखात मुख्यतः ब्रिटनमधील नियम व प्रघात आधाराला घेतले असून इतर देशांचा उल्लेख तुलनेपुरता केला आहे.

## उपयोग

लहान मोटारीच्या मागे लावायचा सर्वांत सामान्य ट्रेलर म्हणजे उघड्या पेटीचा मालवाहू ट्रेलर. बागेतील पालापाचोळा व मोडकळीस आलेले सामान कचरा संकलन केंद्रावर नेणे, घर बदलताना कपाटे व पलंग हलवणे, बांधकामाची वाळू किंवा फरशी आणणे, सरपण वाहणे ही त्याची नित्याची कामे होत. ऑस्ट्रेलियात सहा फूट लांब व चार फूट रुंद पेटीचा ट्रेलर इतका रूढ आहे की, तो या मापांच्याच नावाने ओळखला जातो. याखेरीज शिडाची छोटी नाव, मोटारसायकल किंवा सायकली नेण्याचे खास ट्रेलर, घडी घालता येणारे तंबू-ट्रेलर आणि अतिशय हलके कॅरव्हॅन हेही लहान मोटारींनी ओढले जातात.

वर्षातून थोडेच दिवस जड सामान वाहावे लागणाऱ्या कुटुंबाला मोठी मोटार बाळगण्यापेक्षा लहान मोटार व ट्रेलर ही जोडी स्वस्त पडते. माती, ओला कचरा किंवा धारदार वस्तू मोटारीच्या आत न्याव्या लागत नाहीत, हाही तिचा फायदा आहे.

## इतिहास

मोटारीच्या मागे जोडायच्या फिरत्या घरांचे उत्पादन ब्रिटनमध्ये पहिल्या महायुद्धानंतर सुरू झाले. बर्मिंगहॅम येथील एक्लीस या कंपनीने १९१९ च्या सुमारास मोटारीने ओढायचे कॅरव्हॅन बनवण्यास प्रारंभ केला. जर्मनीत आरिस्ट डेथलेफ्स यांनी १९३१ मध्ये कुटुंबासह प्रवास करता यावा म्हणून निवासी ट्रेलर तयार केला. त्याच दशकात वेस्टफालिया या जर्मन कंपनीने गोलाकार डोक्याची जोडणी प्रचारात आणली. या जोडणीमुळे ट्रेलर तिन्ही दिशांनी मोकळेपणाने वळू शकतो आणि तरीही सुटत नाही. आजची बहुतेक हलकी जोडणी याच तत्त्वावर चालते.

दुसऱ्या महायुद्धानंतर सामान्य कुटुंबांच्या हाती लहान मोटारी आल्या आणि ट्रेलरही त्यांना झेपतील इतके हलके होऊ लागले. पूर्व जर्मनीतील ट्राबांट ६०१ ही मोटार याचे बोलके उदाहरण होय. दोन सिलिंडरच्या, सुमारे ६०० घन सेंटिमीटर क्षमतेच्या तिच्या द्विघाती इंजिनाची शक्ती अवघी २६ अश्वशक्ती होती. तरीही घडीचे तंबू-ट्रेलर आणि काचतंतूयुक्त प्लॅस्टिकचे ‘क्यूईके ज्युनिअर’ हे इवलेसे कॅरव्हॅन तिच्यामागे लावून तेथील कुटुंबे सुट्टीवर जात. हे शक्य झाले ते ट्रेलरचे वजन काटेकोरपणे मर्यादित ठेवल्यामुळे.

## रचना

### जोडणी

मोटारीच्या सांगाड्याला मागील बाजूस बोल्टांनी पक्का केलेला पोलादी आडदांडा म्हणजे टो-बार. त्याच्या टोकाला टो-बॉल हा पोलादी गोळा असतो. युरोपात व ऑस्ट्रेलियात या गोळ्याचा व्यास ५० मिलिमीटर असतो. अमेरिकेत दोन इंची म्हणजे ५०.८ मिलिमीटरचा आणि हलक्या ट्रेलरांसाठी १ ७/८ इंची गोळा वापरला जातो. फरक मिलिमीटरांचा असला तरी गोळा व त्यावर बसणारी वाटी एकाच मापाची असणे आवश्यक असते. मोठ्या वाटीत लहान गोळा बसवल्यास धक्क्याने ट्रेलर निसटू शकतो.

ट्रेलरचा पुढे आलेला दांडा या वाटीत संपतो. वाटी गोळ्यावर बसवल्यावर तिची खिट्टी आतून गोळ्याला धरते. ती नीट बसली की नाही हे पाहण्यासाठी ट्रेलरच्या पुढच्या आधारचाकाच्या साहाय्याने दांडा वर उचलून पाहतात. मोटारीचा मागील भागही सोबत उचलला गेला, तर जोडणी पक्की समजतात.

### सांगाडा, आस व चाके

लहान ट्रेलरचा सांगाडा पोलादी असून त्याला एक आस व दोन चाके असतात. धक्के शोषण्यासाठी पाटे-स्प्रिंगा किंवा आसाच्या नळीत बसवलेल्या रबरी दांड्या वापरतात. हलक्या ट्रेलरांना बरेचदा ८ किंवा १० इंची चाके असतात. चाक लहान असल्याने ते तेवढ्याच अंतरात मोटारीच्या चाकापेक्षा अधिक फेरे घेते, त्यामुळे त्याचे बेअरिंग व टायर लवकर तापतात. नावेच्या ट्रेलरची चाके पाण्यात बुडत असल्याने त्यांच्या बेअरिंगांतील वंगण वरचेवर बदलावे लागते.

### दिवे व विद्युतजोडणी

ट्रेलरमुळे मोटारीचे मागचे दिवे झाकले जातात, म्हणून ट्रेलरवर मागचे दिवे, ब्रेकचे दिवे व दिशादर्शक दिवे असावे लागतात. ते १२ व्होल्टच्या सात किंवा तेरा खुंट्यांच्या प्लगने मोटारीशी जोडले जातात. ब्रिटनमध्ये ट्रेलरच्या मागील बाजूस त्रिकोणी लाल परावर्तक लावणे बंधनकारक आहे. आकारावरूनच पुढचे वाहन ट्रेलर आहे हे अंधारात ओळखता यावे, हा त्यामागचा हेतू होय.

## वजनाच्या मर्यादा

युरोपीय वर्गीकरणात कमाल ७५० किलोग्रॅम एकूण वजनाचे ट्रेलर ‘ओ-१’ व त्यापुढे ३,५०० किलोग्रॅमपर्यंतचे ‘ओ-२’ या वर्गात मोडतात. ‘ओ-१’ ट्रेलरला स्वतंत्र ब्रेक असण्याची सक्ती नाही. ‘ओ-२’ ट्रेलरला ती आहे.

एखादी मोटार प्रत्यक्षात किती ओढू शकते हे मात्र तिच्या उत्पादकाने ठरवलेले असते. मोटारीच्या दरवाजाच्या चौकटीवर किंवा बोनेटखाली असलेल्या पट्टीवर सर्वसाधारणतः चार आकडे असतात: मोटारीचे कमाल भारित वजन, मोटार व ट्रेलर मिळून कमाल वजन, पुढच्या आसावरील कमाल भार व मागच्या आसावरील कमाल भार. दुसऱ्या आकड्यातून पहिला वजा केला असता पूर्ण भरलेल्या मोटारीला जोडता येणाऱ्या ट्रेलरचे वजन कळते. दुसरा आकडा दिलेलाच नसेल, तर ती मोटार ओढण्यासाठी संमत नाही असे मानले जाते. कित्येक छोट्या शहरी मोटारींच्या बाबतीत अशी स्थिती असते.

ब्रेक नसलेल्या ट्रेलरसाठी आणखी एक अट आहे. त्याचे वजन ७५० किलोग्रॅम किंवा मोटारीच्या रिकाम्या वजनाच्या निम्मे, यांपैकी जे कमी असेल त्याहून जास्त असता कामा नये. म्हणजे १,१०० किलोग्रॅम वजनाच्या हॅचबॅकला ब्रेक नसलेला ट्रेलर ५५० किलोग्रॅमपर्यंतच चालतो. यात ट्रेलरचे स्वतःचे वजनही धरलेले असते. ट्रेलर १५० किलोग्रॅमचा असेल, तर प्रत्यक्ष ओझ्यासाठी ४०० किलोग्रॅम उरतात. ओली माती किंवा वाळू यांचे घनमीटरला दीड टनाहून अधिक वजन भरते. त्यामुळे पेटी अर्धी भरण्याच्या आधीही ही मर्यादा ओलांडली जाऊ शकते. पेटीत जागा शिल्लक आहे म्हणून वजनही शिल्लक आहे असे समजणे ही सर्वांत वारंवार होणारी चूक होय.

ब्रेक असलेल्या ट्रेलरबाबत ब्रिटनमधील कॅरव्हॅनधारकांच्या संघटना नवशिक्यांना भरलेल्या ट्रेलरचे वजन मोटारीच्या रिकाम्या वजनाच्या ८५ टक्क्यांच्या आत ठेवण्याचा सल्ला देतात. हा कायदा नसून प्रघात आहे. मागचे वाहन पुढच्यापेक्षा जितके हलके, तितके ते पुढच्याच्या ताब्यात राहते, हे त्यामागील तत्त्व होय.

## जोडावरील भार

ट्रेलरच्या वजनाचा बहुतांश भाग त्याच्या चाकांवर आणि थोडा भाग टो-बॉलवर पडतो. या दुसऱ्या भागाला जोडावरील भार म्हणता येईल. ब्रिटनमध्ये तो भरलेल्या ट्रेलरच्या वजनाच्या ५ ते ७ टक्के असावा असा सल्ला दिला जातो. अमेरिकेत १० ते १५ टक्के हे प्रमाण रूढ आहे. लहान युरोपीय मोटारींच्या टो-बारला साधारणतः ५० ते ७५ किलोग्रॅमपर्यंतचाच उभा भार संमत असतो. म्हणजे ५०० किलोग्रॅमच्या ट्रेलरसाठी ब्रिटिश प्रघातानुसार २५ ते ३५ किलोग्रॅम भार योग्य ठरतो.

हा भार ओझ्याच्या मांडणीवर फार अवलंबून असतो. समजा, ५०० किलोग्रॅमच्या ट्रेलरमध्ये आसापासून जोडापर्यंतचे अंतर अडीच मीटर आहे आणि एकूण वजनाचा गुरुत्वमध्य आसाच्या १५ सेंटिमीटर पुढे आहे. तरफेच्या नियमाने जोडावर ३० किलोग्रॅम, म्हणजे ६ टक्के भार येतो. आता १०० किलोग्रॅमची एकच पेटी ७५ सेंटिमीटर मागे सरकवली, तर जोडावरील भार शून्यावर येतो. ट्रेलरचे एकूण वजन एक ग्रॅमनेही बदललेले नसते. पण तो सुरक्षित राहिलेला नसतो.

म्हणून जड वस्तू आसाच्या वर व किंचित पुढे, शक्य तितक्या खाली ठेवतात आणि हलक्या वस्तू टोकांना ठेवतात. जोडावरील भार मोजण्यासाठी खास वजनकाटे मिळतात. घरगुती वजनकाट्यावर योग्य उंचीचा लाकडी ठोकळा ठेवून त्यावर ट्रेलरचा दांडा टेकवूनही तो मोजता येतो. मोजताना ट्रेलर सपाट जमिनीवर व आडवा समतल असावा लागतो.

बैलगाडी भरणाऱ्यांना हे तत्त्व पूर्वापार परिचित आहे. मागे जड झालेली गाडी ‘उलाळ’ होते व जू बैलांच्या मानेवरून वर उचलले जाते. पुढे जड झालेली गाडी बैलांच्या मानेवर बसते. बैलगाडीचा वेग कमी असल्याने उलाळ गाडी गैरसोयीची ठरते. तीच स्थिती ताशी ९० किलोमीटर वेगाने जाणाऱ्या ट्रेलरची झाली तर ती प्राणघातक ठरू शकते.

जोडावरील जादा भारही धोक्याचा असतो. टो-बॉल मागच्या आसाच्याही मागे असल्याने तेथे पडणारा भार मागची चाके दाबतो आणि पुढची उचलतो. चाकांमधील अंतर अडीच मीटर व टो-बॉल मागच्या आसापासून ८० सेंटिमीटर मागे असलेल्या मोटारीत ५० किलोग्रॅमच्या भाराने मागच्या आसावर ६६ किलोग्रॅम वाढतात आणि पुढच्या आसावरचे १६ किलोग्रॅम कमी होतात. बहुतेक लहान मोटारी पुढच्या चाकांनीच चालतात व वळतात. त्यामुळे ओल्या रस्त्यावर पकड घटते. शिवाय मोटारीचा पुढचा भाग उचलला गेल्याने हेडलाइटचा झोत समोरून येणाऱ्यांच्या डोळ्यांवर जातो. हा भार मोटारीतील प्रवासी व सामान यांच्या वजनात धरावा लागतो.

## हेलकावे

ट्रेलर मोटारीच्या मागे डावी-उजवीकडे झोकांड्या खाऊ लागणे हा ओढताना उद्भवणारा सर्वांत गंभीर प्रकार होय. बाजूने येणारा वारा, ओलांडून जाणाऱ्या मोठ्या ट्रकचा झोत, रस्त्यातील खड्डा किंवा स्टिअरिंगला दिलेला अचानक झटका यांमुळे ट्रेलर किंचित वाकडा होतो. कमी वेगात टायरच्या पकडीमुळे हे हेलकावे एक-दोन झोक्यांतच विरतात. वेग वाढतो तशी ते विरण्याची क्षमता कमी होत जाते. एका मर्यादेपलीकडे प्रत्येक हेलकावा आधीच्यापेक्षा मोठा होतो, ट्रेलर मोटारीचा मागचा भाग ओढू लागतो आणि अखेर दोन्ही वाहने दुमडून उलटू शकतात.

ही वेगमर्यादा प्रत्येक जोडीची वेगळी असते आणि ती मुख्यतः भरणीवर ठरते. ब्रिटनमधील बाथ विद्यापीठात मोटार व ट्रेलरच्या स्थैर्यावर झालेल्या प्रयोगांतही जोडावरील भार आणि ट्रेलरमधील वजनाची लांबीच्या दिशेने झालेली विभागणी हे घटक महत्त्वाचे ठरले. दोन्ही टोकांना जड वस्तू ठेवून मधला भाग रिकामा सोडल्यास जोडावरील भार योग्य येऊ शकतो. मात्र असा ट्रेलर एकदा झुलू लागला की त्याला थांबवणे अवघड जाते.

हेलकावे सुरू झाल्यास ॲक्सिलरेटरवरील पाय उचलावा व वेग हळूहळू कमी होऊ द्यावा, असे ब्रिटनच्या रस्ते-वाहतूक संहितेत सांगितले आहे. स्टिअरिंग सरळ व घट्ट धरतात. प्रत्येक झोक्याला उलट वळवण्याचा प्रयत्न केल्यास चालकाची हालचाल झोक्याच्या मागे पडते व हेलकावे वाढतात. जोरात ब्रेक दाबल्यास ट्रेलर मोटारीला मागून ढकलतो. वेग वाढवून ट्रेलर ‘सरळ ओढून घेण्याचा’ जुना सल्ला धोकादायक आहे, कारण त्याने संकटाचे मूळ कारणच वाढते.

हेलकावे रोखण्यासाठी टो-बॉलला दोन्ही बाजूंनी घर्षणपट्ट्यांनी आवळणारे स्थिरक मिळतात. अशी जोडणी असल्यास गोळ्याला वंगण लावत नाहीत. अलीकडच्या अनेक मोटारींतील इलेक्ट्रॉनिक स्थैर्य नियंत्रण प्रणालीत ट्रेलरचे झोके ओळखून मोटारीच्या एकेका चाकाला स्वतंत्रपणे ब्रेक लावण्याची सोय असते. ही साधने योग्य भरणीला पूरक आहेत. चुकीची भरणी त्यांनी दुरुस्त होत नाही.

## ब्रेक

ब्रेक नसलेला ट्रेलर थांबवण्याचे सगळे काम मोटारीच्या चाकांना करावे लागते. प्रवाशांसह १,५०० किलोग्रॅम वजनाची मोटार कोरड्या रस्त्यावर ताशी ८० किलोमीटर वेगावरून जोराच्या ब्रेकने सुमारे ३५ मीटरमध्ये थांबते असे मानले, तर मागे ५०० किलोग्रॅमचा ब्रेक नसलेला ट्रेलर असताना तेच अंतर सुमारे ४७ मीटर होते. चालकाला प्रतिक्रिया देण्यास लागणारा वेळ यात धरलेला नाही. हे १२ मीटर म्हणजे जवळजवळ तीन हॅचबॅक मोटारींची लांबी होय. पुढच्या वाहनापासून अधिक अंतर राखण्याचा नियम यातूनच येतो.

७५० किलोग्रॅमहून जड हलक्या ट्रेलरांना बहुधा ओव्हररन ब्रेक असतात. मोटार मंदावली की ट्रेलर पुढे ढकलला जातो, त्याच्या दांड्यातील सरकता भाग आत दबतो आणि त्या दाबाने तारांमार्फत ट्रेलरच्या चाकांचे ब्रेक लागतात. या व्यवस्थेला मोटारीकडून वीज वा तेलदाब लागत नाही. अशा ट्रेलरला एक बारीक पोलादी आपत्कालीन तारही असते. जोडणी निखळल्यास ही तार ट्रेलरचा हातब्रेक ओढते व नंतर स्वतः तुटते. ब्रेक नसलेल्या ट्रेलरला त्याऐवजी एक आखूड साखळी वा तार लावतात. जोडणी सुटली तरी दांडा जमिनीत रुतू न देता ती ट्रेलरला मोटारीमागे धरून ठेवते.

## चढ, उतार व इंजिन

युरोपीय नियमांनुसार मोटारीची ओढण्याची क्षमता ठरवताना तिने कमाल भारित ट्रेलरसह किमान १२ टक्के चढावर पाच मिनिटांत पाच वेळा थांबून पुन्हा निघणे अपेक्षित असते. या कसोटीत क्लचची सर्वाधिक परीक्षा होते. लहान मोटारीचा क्लच ट्रेलरसह चढावर निघताना अधिक वेळ घसरतो, तापतो व लवकर झिजतो.

इंजिनाची गरज तुलनेने माफक असते. एकूण २,००० किलोग्रॅमची जोडी ताशी ६० किलोमीटर वेगाने ८ टक्के चढ चढताना केवळ उंची गाठण्यासाठी सुमारे २६ किलोवॅट शक्ती लागते. हवेचा व रस्त्याचा विरोध त्याशिवाय असतो. आजच्या बहुतेक लहान मोटारींची इंजिने याहून बरीच अधिक शक्ती देतात. मात्र उंचावर हवा विरळ होत असल्याने टर्बो नसलेल्या इंजिनाची शक्ती दर १,००० मीटरला अंदाजे १० टक्क्यांनी घटते. त्यामुळे आल्प्ससारख्या डोंगराळ भागात ओझे कमी ठेवण्याची सूचना मोटारींच्या माहितीपुस्तिकांत असते.

उतारावर ट्रेलर मोटारीला ढकलतो. सतत ब्रेक दाबून ठेवल्यास ते तापून निकामी होऊ शकतात, म्हणून उतार सुरू होण्याआधीच खालचा गिअर टाकून इंजिनाच्या विरोधाने वेग आवरतात.

विजेवर चालणाऱ्या मोटारींत ओढण्याची ताकद भरपूर असूनही रेनॉ झोई, फोल्क्सवागन आयडी.३ यांसारख्या काही लहान मोटारी ट्रेलर ओढण्यासाठी संमत केलेल्या नाहीत. ट्रेलरमुळे एका चार्जमध्ये होणारा प्रवासही कमी होतो.

## चालवणे व मागे घेणे

ट्रेलरची चाके वळणावर मोटारीच्या चाकांपेक्षा आतून जातात, म्हणून वळण थोडे रुंद घेतात. ओलांडण्यासाठी अधिक अंतर लागते व वेग हळूहळू वाढतो. ट्रेलर मोटारीपेक्षा रुंद असल्यास किंवा त्यामुळे मागचे दिसत नसल्यास बाहेर आलेले जादा आरसे लावावे लागतात.

मागे घेताना ट्रेलर स्टिअरिंगच्या उलट दिशेने वळतो. शिकणाऱ्यांसाठी एक सोपी युक्ती सांगितली जाते: स्टिअरिंग खालच्या बाजूने धरून ट्रेलर ज्या दिशेला न्यायचा त्या दिशेला हात हलवावा. आखूड ट्रेलर मागे घेणे लांब ट्रेलरपेक्षा कठीण असते. कारण आखूड ट्रेलर किंचित हालचालीनेही झपाट्याने वळतो आणि मोटारीच्या मागच्या कोपऱ्याला टेकतो. तो आरशातून नाहीसा होऊ लागताच थांबून थोडे पुढे जाणे व पुन्हा सरळ करून घेणे हाच त्यावर उपाय असतो. ब्रेक नसलेला छोटा ट्रेलर मोटारीपासून सोडवून हाताने ढकलणे पुष्कळदा अधिक सोयीचे ठरते.

## कायदे व परवाने

### ब्रिटन

ग्रेट ब्रिटनमध्ये १ जानेवारी १९९७ नंतर मोटारीची परीक्षा उत्तीर्ण झालेल्यांना जड ट्रेलरसाठी वेगळी परीक्षा द्यावी लागत असे. १६ डिसेंबर २०२१ पासून ही अट रद्द झाली आणि मोटारीचा साधा परवाना असलेल्यांना ३,५०० किलोग्रॅमपर्यंतचे ट्रेलर ओढण्याची मुभा मिळाली. मोटारीची स्वतःची मर्यादा मात्र कायम राहते. परवान्याने दिलेली मुभा लहान मोटारीची क्षमता वाढवत नाही.

ट्रेलर ओढताना दुतर्फा वाहतुकीच्या एकेरी रस्त्यावर ताशी ५० मैल (सुमारे ८० किलोमीटर) आणि दुभाजक असलेल्या रस्त्यावर व मोटरवेवर ताशी ६० मैल (सुमारे ९७ किलोमीटर) ही कमाल वेगमर्यादा आहे. तीन वा अधिक मार्गिका असलेल्या मोटरवेच्या सर्वांत उजव्या मार्गिकेत ट्रेलर नेण्यास मनाई आहे. खासगी हलक्या ट्रेलरची स्वतंत्र नोंदणी करावी लागत नाही. त्याच्या मागे ओढणाऱ्या मोटारीचाच क्रमांक पिवळ्या पाटीवर लावतात. १ ऑगस्ट १९९८ पासून वापरात आलेल्या मोटारींना प्रमाणित टो-बार बसवणे आवश्यक आहे.

### युरोपातील इतर देश

युरोपीय संघात २०१३ पासून लागू झालेल्या नियमांनुसार मोटारीच्या ‘बी’ परवान्यावर ७५० किलोग्रॅमपर्यंतचा ट्रेलर ओढता येतो. त्याहून जड ट्रेलर मोटारीसह एकूण ३,५०० किलोग्रॅमच्या आत असल्यास तोही चालतो. लहान मोटारीची जोडी सहसा या मर्यादेतच बसते. वेगमर्यादा देशागणिक बदलतात. जर्मनीत व स्वीडनमध्ये ट्रेलरसह ताशी ८० किलोमीटर ही सर्वसाधारण मर्यादा असून जर्मनीत विशिष्ट तांत्रिक अटी पूर्ण करणाऱ्या जोडीला महामार्गावर ताशी १०० किलोमीटरची परवानगी मिळते.

### भारत

भारतात प्रवासी मोटारीमागे ट्रेलर लावण्याची पद्धत विरळ आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ मध्ये अर्धट्रेलर व साइडकार वगळून मोटार वाहनाने ओढल्या जाणाऱ्या कोणत्याही वाहनास ट्रेलर म्हटले आहे. ब्रिटनच्या उलट येथे ट्रेलरला स्वतःचा नोंदणी क्रमांक असतो आणि ओढणाऱ्या वाहनाचा क्रमांकही ट्रेलरवर दर्शवावा लागतो. महाराष्ट्रात ट्रेलर सर्वाधिक दिसतो तो ट्रॅक्टरच्या मागे. बोलीत त्याला ‘ट्रॉली’ म्हणतात. साखर कारखान्यांच्या हंगामात एका ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या लावून ऊस वाहिला जातो. ट्रॅक्टरचा वेग कमी व वजन जास्त असल्याने तेथील प्रश्न वेगळे असले, तरी रात्री मागचे दिवे व परावर्तक नसलेली ट्रॉली हा रस्त्यावरील अपघातांचा परिचित धोका आहे.

## देखभाल व तपासणी

घरगुती ट्रेलर वर्षातील बराच काळ उघड्यावर उभा असतो. त्याचे टायर झिजण्याऐवजी उन्हाने व वयाने चिरतात. खाचा खोल दिसत असूनही ते आतून कमकुवत झालेले असू शकतात. बेअरिंगांत ओल शिरते, दिव्यांच्या तारांना गंज चढतो आणि ब्रेक असल्यास ते आवळून बसतात. ब्रिटनमध्ये अशा हलक्या ट्रेलरला मोटारीसारखी वार्षिक सक्तीची तपासणी नसल्याने ही जबाबदारी सर्वस्वी मालकावर राहते.

निघण्यापूर्वी जोडणीची खिट्टी, आपत्कालीन तार किंवा साखळी, वर घेऊन आवळलेले आधारचाक, सर्व दिवे, टायरमधील हवा, चाकांचे नट, जोडावरील भार आणि ओझ्याची बांधणी या गोष्टी पाहिल्या जातात. हलके ओझे जाळीने व जड ओझे पट्ट्यांनी बांधतात. थोडे अंतर गेल्यावर थांबून पट्ट्या पुन्हा आवळण्याची व चाकाचा मध्यभाग हाताने चाचपण्याची पद्धत आहे. तो एका बाजूला दुसरीपेक्षा बराच गरम लागला, तर बेअरिंग बिघडल्याची किंवा ब्रेक अडकल्याची ती खूण असते.